थुरामची जागा

८ जुलै १९९८. पॅरिसच्या वेशीवरचं स्ताद द फ्रान्स हे नवं कोरं मैदान आणि विश्वचषकाचा उपांत्य सामना, फ्रान्सविरुद्ध क्रोएशिया. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नव्हता. उत्तरार्धाचा खेळ जेमतेम सुरू झाला, तोच असानोविचने मधल्या फळीतून एक चेंडू पुढे सारला, दाव्होर सुकेर त्यावर धावला आणि फ्रान्सच्या जाळ्यात चेंडू गेला. खरं तर सुकेर ऑफसाइड ठरायला हवा होता. फ्रान्सच्या बचावफळीतले बाकीचे वेळेवर पुढे सरकले होते, एक जण मागे राहिला होता. उजव्या कडेचा, १५ नंबरचा, लिलियाँ थुराम.

या चुकीचं वजन कळायला ऑफसाइडचा नियम डोळ्यांपुढे आणायला हवा. चेंडू पुढे धाडला जातो त्या क्षणी आक्रमकाच्या पुढे प्रतिस्पर्ध्याचे किमान दोन गडी असावे लागतात. त्यातला एक बहुतेक वेळा गोलरक्षक असतो. म्हणजे उरलेल्यांत जो बचावपटू सर्वांत मागे उभा, तो आक्रमकाची सीमा ठरवतो. चौघांनी मिळून दोन पावलं पुढे टाकली की सीमाही दोन पावलं पुढे येते आणि मागे घुटमळणारा आक्रमक आपोआप बाद होतो. हे चौघांना एकाच क्षणी जमावं लागतं. कबड्डीत साखळी धरलेल्यांपैकी एकाचं पाऊल उशिरा पडलं की चढाईपटू निसटतो, तसंच हे. थुरामचं पाऊल उशिरा पडलं आणि अख्ख्या देशाचा श्वास अडकला.

पुढच्याच मिनिटाला काय झालं, ते मी कितीदा पाहिलं असेल याची मोजदाद नाही. क्रोएशियाचा कर्णधार बोबान आपल्याच गोलक्षेत्राजवळ चेंडू घेऊन उभा होता. थुराम आपली जागा सोडून तिथवर पोचला, त्याने बोबानकडून चेंडू हिसकावला, सहकारी जोर्काएफला दिला, तो त्याच्याकडून परत मिळाला आणि थुरामने गोल केला. ७० व्या मिनिटाला तो पुन्हा वर आला. गोलक्षेत्राच्या कडेवरून त्याने डाव्या पायाने चेंडू मारला, आणि डावा हा त्याचा दुबळा पाय. चेंडू गोलरक्षकाला चकवून दूरच्या कोपऱ्यात गेला. थुराम गुडघ्यांवर बसला, एक बोट ओठांवर ठेवलं आणि कुठलं तरी अवघड कोडं पडल्यासारखा स्तब्ध राहिला. फ्रान्स २, क्रोएशिया १. चार दिवसांनी ब्राझीलला ३-० हरवून फ्रान्सने पहिल्यांदा विश्वचषक जिंकला.

थुराम फ्रान्सकडून १४२ सामने खेळला. त्यात त्याचे गोल फक्त २, दोन्ही त्या एकाच रात्रीचे. १४ वर्षांच्या कारकिर्दीत त्या रात्रीच्या आधी एकही नाही आणि नंतरही एकही नाही.

पण या माणसाबद्दल लिहायचं ते त्या दोन गोलांमुळे नाही. बचावपटूचं सारं कसब एका प्रश्नात असतं: मी आत्ता कुठे उभा राहू? थुरामचं आयुष्य पाहताना वाटतं की हा प्रश्न त्याला मैदानावर भेटायच्या कितीतरी आधी भेटला होता आणि मैदान सुटल्यावरही त्याने तो सोडला नाही.

त्याचा जन्म १ जानेवारी १९७२ चा, ग्वादलूपचा. कॅरिबियन समुद्रातला हा द्वीपसमूह कायद्याने फ्रान्सचाच भाग आहे, म्हणजे तिथे जन्मलेला माणूस जन्मापासून फ्रेंच नागरिक. या बेटांवर फ्रेंच मळेवाल्यांनी ऊस लावला आणि तो पिकवायला आफ्रिकेतून माणसं आणली. फ्रेंच क्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, गुलामगिरी बंद झाली. १८०२ मध्ये नेपोलियनने ती परत आणली. म्हणजे आठ वर्षं मोकळा श्वास घेतलेल्या माणसांना पुन्हा मालमत्ता करण्यात आलं. ती कायमची संपली १८४८ मध्ये, आणि तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. राबलेल्यांच्या हाती काही पडलं नाही.

मळ्यांवर मजूर कमी पडू लागले तेव्हा १८५४ पासून हिंदुस्थानातून कराराने माणसं नेली गेली, त्यातली बरीचशी पाँडिचेरी आणि कारिकल या फ्रेंच बंदरांतून. ग्वादलूपच्या स्वयंपाकघरात आजही ‘कोलंबो’ नावाचा मसाला आहे. हळद, धने, मोहरी, मेथी घातलेला. आपल्या माणसांनी गलबतातून नेलेली ती चव आहे.

थुरामच्या आईचं नाव मारियाना. पाच मुलांना एकटीने वाढवणारी बाई. कामासाठी ती आधी एकटी फ्रान्सला गेली आणि जम बसल्यावर तिने मुलांना बोलावून घेतलं. लिलियाँ तेव्हा नऊ वर्षांचा होता. पॅरिसच्या दक्षिणेला फोंतेनब्लोशेजारी आव्हाँ नावाचं गाव आहे, तिथल्या कामगार वस्तीत हे कुटुंब राहू लागलं. आई साफसफाईची कामं करायची.

तिथल्या शाळेतली एक गोष्ट त्याने पुढे शेकडो वेळा सांगितली आहे. त्या काळी टीव्हीवर दोन गायींचं एक कार्टून लागायचं. त्यातली काळी गाय ‘न्वारोद’ मंद डोक्याची आणि सदा कुरकुरणारी. वर्गातली मुलं लिलियाँला त्याच नावाने हाक मारू लागली. हा रडत घरी आला आणि आईला विचारलं, असं का? आई म्हणाली, लोक असेच असतात, ते काही बदलायचं नाही. आईवर त्याचं जिवापाड प्रेम. तरी या उत्तराने आपलं समाधान झालं नाही, असं तो आजही सांगतो. ग्वादलूपमध्ये तो नुसता लिलियाँ होता. आपण ‘काळे’ आहोत हे त्याला नवव्या वर्षी, पॅरिसजवळच्या शाळेत कळलं. कुणीतरी त्याची जागा परस्पर ठरवून टाकली होती.

फुटबॉल तो फोंतेनब्लोमध्ये पोर्तुगीज स्थलांतरितांच्या क्लबात शिकला. तिथून मोनॅकोला गेला. तिथे प्रशिक्षक होते आर्सेन वेंगर, पुढे लंडनच्या आर्सेनलमुळे जगभर नाव झालेले. मोनॅकोत त्याचा बचावपटू म्हणून पाया पक्का झाला. १७ ऑगस्ट १९९४ रोजी बोर्दोला चेक प्रजासत्ताकाविरुद्ध तो फ्रान्सकडून पहिल्यांदा खेळला. त्याच सामन्यात झिनेदिन झिदाननेही पदार्पण केलं आणि दोन गोल मारून सामना बरोबरीत सोडवला. दुसऱ्या दिवशी बचावपटूबद्दल कोण लिहिणार?

थुरामला आवडे ती बचावाच्या मधली जागा. तिथून सगळं मैदान समोर दिसतं, खेळ वाचता येतो. प्रशिक्षक एमे जाके यांनी मात्र राष्ट्रीय संघात त्याला उजव्या कडेला ठेवलं. मध्ये लॉराँ ब्लाँ आणि मार्सेल देसाई, डावीकडे लिझाराझू आणि उजवीकडे थुराम. उजवी कड त्याला फारशी रुचत नसे आणि ते त्याने लपवलंही नाही.

या दोन जागांत फरक काय? मधल्या बचावपटूचं काम निम्मं डोळ्यांचं असतं. चेंडू कुठून येईल याचा अंदाज बांधायचा, आक्रमकाच्या आधी तिथे पोचायचं, साथीदार पुढे गेला की त्याची मागची बाजू झाकायची. कडेच्या बचावपटूच्या एका अंगाला सीमारेषा असते. तो समोरच्याला तिकडे ढकलत नेतो, कारण रेषा हा त्याचा फुकटचा सवंगडी. छाती थेट समोर न धरता तो अंग तिरकं ठेवतो, एक वाट उघडी ठेवतो आणि आक्रमकाला त्याच वाटेने यायला भाग पाडतो. पाय चेंडूत घालण्याची घाई करणारा बहुतेकदा फसतो. शिवाय संघ आक्रमण करत असेल तेव्हा त्याच कडेने वर धावायचं आणि चेंडू गेला की तेवढंच अंतर मागे यायचं. थुरामकडे दोन्ही होतं: मधल्या बचावपटूची नजर आणि ताकद, आणि कडेवर धावायला लागणारा दम. त्याच्या अंगावर जाऊन चेंडू पुढे काढणं फार थोड्यांना जमलं. १९९८ च्या संपूर्ण स्पर्धेत, ७ सामन्यांत, फ्रान्सवर गोल झाले फक्त २. एक डेन्मार्कचा, पेनल्टीवर. दुसरा सुकेरचा. त्या स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत रोनाल्डो आणि सुकेर यांच्यानंतर तिसरा क्रमांक थुरामला मिळाला. बचावपटूला हा मान क्वचितच मिळतो.

आणि ते दोन गोल? मधल्या जागेवर असता तर तो एवढा वर आलाच नसता. नावडत्या जागेनेच त्याला ती रात्र दिली.

क्लबांमधली त्याची वाट मुख्यतः इटलीतली. १९९६ मध्ये तो पार्माला गेला. छोट्या शहराचा हा संघ त्या वर्षांत विलक्षण होता: गोलात तरुण बुफॉन, त्याच्यापुढे थुराम, सेन्सिनी आणि कान्नाव्हारो. १२ मे १९९९ रोजी मॉस्कोत त्यांनी मार्सेचा ३-० असा पराभव करून यूएफा चषक जिंकला. बचाव ही इटलीत शास्त्राइतकी जपलेली गोष्ट. तिथे परदेशी बचावपटूने इतकी वर्षं अव्वल राहणं सोपं नव्हतं. २००१ मध्ये झिदानला रेआल माद्रिदला विकून युव्हेंटसकडे मोठी रक्कम आली होती, त्या उन्हाळ्यात त्यांनी नेदव्हेदसोबत पार्माचे बुफॉन आणि थुरामही घेतले. २००२ आणि २००३ चं लीग विजेतेपद तिथे त्याला मिळालं. नंतरची दोन विजेतेपदं पंचनिवडीच्या घोटाळ्यात संघाकडून काढून घेतली गेली. शेवटची दोन वर्षं तो बार्सिलोनात होता. फ्रान्ससोबत २००० ची युरोपीय स्पर्धा जिंकली, २००४ मध्ये निवृत्ती घेतली, २००५ मध्ये झिदान आणि माकेलेले यांच्यासह परतला आणि २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. बर्लिनला इटलीने पेनल्टींवर तो चषक नेला.

आता त्या दुसऱ्या थुरामकडे वळायला हवं. माझ्या मते तो पहिल्याइतकाच मोठा आहे.

१९९६ मध्येच ल पेन या अतिउजव्या पुढाऱ्याने फ्रान्सच्या संघावर टीका केली होती, की परदेशातून खेळाडू आणायचे आणि त्यांना फ्रेंच संघ म्हणायचं हे कृत्रिम आहे. ग्वादलूपमध्ये जन्मलेल्या थुरामला परदेशी ठरवण्यासारखंच ते होतं. दोन वर्षांनी हाच संघ जगज्जेता झाला आणि काळ्या, गोऱ्या, अरब फ्रान्सच्या एकीचा सगळीकडे जयघोष झाला. त्या जयघोषाने वस्त्यांमधलं वास्तव बदललं नव्हतं. ऑक्टोबर २००५ च्या शेवटी पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वा इथे पोलिसांपासून पळणारी दोन मुलं वीज उपकेंद्रात शॉक लागून मेली आणि उपनगरं पेटली. त्याआधी दोनच दिवस गृहमंत्री सार्कोझी यांनी वस्तीतल्या तरुणांबद्दल ‘गाळ’ या अर्थाचा शब्द वापरला होता. फ्रान्सचा संघ तेव्हा मार्टिनिकला मैत्रीपूर्ण सामन्यासाठी जात होता. थुराम उघडपणे बोलला: मीही अशाच वस्तीत वाढलो, मी गाळ नाही, आणि सुरक्षेवर बोलण्याआधी सामाजिक न्यायावर बोला. राष्ट्रीय संघात असलेल्या खेळाडूने गृहमंत्र्याला असं उत्तर देणं लहान गोष्ट नाही.

पुढच्या वर्षी काशाँ या उपनगरातल्या एका इमारतीतून कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित कुटुंबांना पोलिसांनी बाहेर काढलं. सप्टेंबर २००६ मध्ये फ्रान्स-इटली सामना होता. थुराम आणि पात्रिक व्हिएरा यांनी त्या कुटुंबांतल्या लोकांसाठी तिकिटं मिळवली आणि त्यांना स्टेडियममध्ये बसवलं. राजकारण्यांनी खूप आरडाओरडा केला. थुरामने आपलं पाऊल मागे घेतलं नाही.

२००८ मध्ये त्याचं खेळणं अचानक थांबलं. युरोपीय स्पर्धेनंतर तो पॅरिसच्या क्लबात जाणार होता. वैद्यकीय तपासणीत हृदयातला दोष सापडला. त्याच्या एका भावाचा मृत्यू हृदयाच्या अशाच विकाराने झाला होता. ३६ व्या वर्षी थुरामने बूट काढून ठेवले. फ्रान्सच्या पुरुष संघाकडून सर्वाधिक सामन्यांचा त्याचा विक्रम त्यानंतर १४ वर्षं टिकला. डिसेंबर २०२२ मध्ये गोलरक्षक ह्यूगो लोरिसने तो कतारच्या विश्वचषकात मोडला.

त्याच वर्षी, २००८ मध्येच, त्याने वंशवादाविरुद्ध शिक्षण देणारी संस्था स्थापन केली. ‘शिक्षण’ या शब्दावर त्याचा सारा भर आहे. वंशवाद हा वाईट माणसांचा वाईट स्वभाव आहे, असं तो मानत नाही. तो इतिहासात घडवला गेला, लोकांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला, म्हणून शिकवूनच तो काढता येईल, अशी त्याची मांडणी आहे. २०१० मध्ये त्याने ‘माझे काळे तारे’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. लूसी या आदिमानवीच्या सांगाड्यापासून बराक ओबामांपर्यंत चरित्रचित्रं त्यात आहेत. हैतीचा तुसाँ लूवेर्त्यूर आहे, रोझा पार्क्स आहे, आणि पुश्किनही आहे, कारण रशियाच्या या महाकवीचा पणजोबा आफ्रिकेतून आणलेला होता. शाळेत आपल्याला काळ्या माणसांचा इतिहास भेटला तो फक्त गुलामगिरीच्या धड्यात, ही थुरामची तक्रार. इथे मराठी वाचकाला जोतीराव फुले आठवल्याशिवाय राहत नाहीत. १८७३ चं ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून अटलांटिकपलीकडचं दुःख आपलं मानणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला, म्हणून थुरामचं म्हणणं आपल्याला परकं वाटू नये.

२०११ च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयात एक प्रदर्शन सुरू झालं. त्याच्या मांडणीची धुरा इतिहासकार पास्काल ब्लांशार आणि नानेट स्नूप यांच्यासोबत थुरामने वाहिली. विषय होता ‘मानवी प्राणिसंग्रहालयं’. एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोप-अमेरिकेतल्या शहरांत वसाहतींमधली माणसं आणून कुंपणाआड ठेवली जात, ‘रानटी’ म्हणून दाखवली जात, आणि लोक तिकीट काढून पाहायला येत. १९३१ च्या पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनाच्या वेळी न्यू कॅलेडोनियाच्या कनाक लोकांना असंच दाखवलं गेलं. त्यात एक होते क्रिस्त्याँ कारेम्ब्यूचे पणजोबा.

कारेम्ब्यू हा १९९८ च्या फ्रान्स संघातला थुरामचा सहकारी. क्रोएशियाविरुद्धच्या त्या सामन्यात तो सुरुवातीपासून मैदानावर होता. पणजोबाला पॅरिसमध्ये कुंपणाआड उभं केलं त्याला तेव्हा ६७ वर्षं झाली होती, आणि आता त्याच पॅरिसच्या वेशीवर पणतूच्या अंगावर फ्रान्सचा निळा सदरा होता. थुरामला हे प्रदर्शन इतकं महत्त्वाचं का वाटलं, ते या एका घराण्याकडे पाहिलं की समजतं. त्या कुंपणाने आतल्यांची जागा ठरवली, आणि बाहेरून पाहणाऱ्यांनाही आपण वरचे आहोत हे शिकवलं. २०२० मध्ये त्याने ‘गोरा विचार’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं ते याच दुसऱ्या भागाबद्दल. काळ्यांना ‘तुम्ही काळे आहात’ हे रोज सांगितलं जातं, मग गोऱ्यांनीही आपण ‘गोरे’ कसे झालो याचा विचार का करू नये? या भूमिकेमुळे त्याच्यावरच उलटा वंशवादाचा आरोप झाला. मला तो आरोप पटत नाही. ज्याची जागा नेहमीच ठरवली गेली त्याने ठरवणाऱ्याची जागा विचारली, एवढंच त्यात आहे.

त्याची दोन्ही मुलं फुटबॉलपटू झाली. थोरला मार्कुस, पार्मात जन्मलेला, आक्रमक. मार्कस गार्व्ही या जमैकन नेत्यावरून त्याचं नाव ठेवलं. धाकटा केफ्रेन, मधल्या फळीतला. त्याचं नाव गिझाचा दुसरा पिरॅमिड बांधणाऱ्या फेरोवरून. मार्कुस २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळला. जून २०२४ मध्ये, युरोपीय स्पर्धेच्या तोंडावर, त्याने अतिउजव्या पक्षाला निवडणुकीत रोखायला हवं असं पत्रकारांसमोर स्पष्ट सांगितलं. ते ऐकताना २००५ सालचा बाप आठवत होता.

थुराम स्वतः शाळाशाळांतून फिरत असतो. डोळ्यांवर चष्मा, हळू आवाज, बोलण्याआधी विचार करण्याची सवय. मुलांना तो विचारतो, जगात माणसांचे वंश किती? मुलं रंगांची नावं घेतात: काळा, गोरा, पिवळा, लाल. मग तो सांगतो की वंश एकच, होमो सेपियन्स, आणि आपली सर्वांची सुरुवात आफ्रिकेत झाली. आणि मग तो जगाचा नकाशा दाखवतो, दक्षिण वर आणि उत्तर खाली असलेला. नकाशा तितकाच खरा आहे, कारण अवकाशात वर-खाली असं काही नसतं. आफ्रिका ऐन मध्यावर येते. युरोप शोधायचा तर मान वाकडी करून खाली पाहावं लागतं.